अनुभव असल्यास येऊ नये

आमच्या शेजारच्या टॉवेल कारखान्याच्या फाटकावर एक पाटी आहे. 'कामाला मुलंमुली पाहिजेत. अनुभव असल्यास येऊ नये.' ही पाटी रंगवण्याआधी पेंटर दोनदा विचारायला आला होता. "आप्पा, 'नसल्यास' म्हणायचंय ना तुमाला?" दोन्ही वेळा आप्पांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. शेवटी त्यानं देवाचं नाव घेऊन लिहून टाकलं आणि खाली आपलं नाव मात्र टाकलं नाही. एरवी तो स्वतःचं नाव मजकुरापेक्षा मोठं काढतो.

आप्पा म्हणजे सिद्रामप्पा. मूळचे मैंदर्गीचे. कपाळाला विभूती, पांढरा सदरा, पांढरा पायजमा आणि खांद्यावर रोज नवा कोरा टॉवेल. टॉवेलचं लेबल ते काढत नाहीत, त्यामुळं त्यांच्याशी बोलताना माणसाचं निम्मं लक्ष लेबलाकडं जातं आणि तोच त्यांचा हेतू असतो. पुढं घर, मागं कारखाना. घरात ते एकटेच. बायको, म्हणजे आमच्या गुरुबाईकाकू, गेल्याला बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. आमची आणि त्यांची भिंत एकच आहे. त्यांचे माग सुरू झाले की आमच्या फळीवरचे कप नाचतात, आणि त्या तालावर मी गेली कित्येक वर्षं कॉलेजात शिकवायच्या तासांची तयारी करत आलोय. मी वाणिज्य शिकवतो.

पाटी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात इचलकरंजीहून एक गृहस्थ आले. सगळी हयात मागावर गेलेली. त्यांना वाटलं पाटीत चूक झाली असणार. आप्पांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, शेंगाचटणी बांधून दिली आणि हात जोडले.

"तुमाला सगळं येतंय, व्हय ना?"

"सगळं येतंय की."

"मग तुमाला दिसणार काय?"

गृहस्थ चटणीची पुडी हातात घेऊन फाटकाबाहेर बराच वेळ पाटी वाचत उभे होते. मी गॅलरीतून बघत होतो. मला त्यांची दया आली, कारण उत्तर मलाही माहीत नव्हतं.

ते मला समजलं कॉलेजच्या परिसंवादात. नव्या अभ्यासक्रमात मुलांनी काही महिने कुठंतरी काम करून यायचं, असं सक्तीचं झालं आणि ही शेकडो पोरं खपवायची जबाबदारी प्राचार्यांनी माझ्या गळ्यात मारली. गावातल्या कारखानदारांना पटवण्यासाठी मी कार्यक्रम ठेवला: 'तरुणांना कामाचा अनुभव देण्याचे उद्योजकांना होणारे फायदे'. पहिल्या दोन वक्त्यांनी फायद्यांचं नावच काढलं नाही. ते समाजाचं ऋण फेडत राहिले. एकाला तर स्वतःच्याच उपकारानं गहिवरून आलं, त्याला पाणी द्यावं लागलं. मग आप्पा उठले. माईक त्यांनी बाजूला सारला. मागाशेजारी आयुष्य काढलेल्या माणसाला माईक लागत नाही.

"कसलं ऋण आन कसलं काय! मी लुटतो पोरांना. कारखाना काढला तवा मला सगळं दिसायचं. मग हळूहळू दिसायचं बंद झालं. डोळं चांगलं हायत, डॉक्टर म्हणतोय. पण रोजरोज बघितलं की दिसत न्हाय हो! नव्या पोराला दिसतंय. म्हणून मी त्याचं डोळं वापरतो. पगार देतो म्हणतात लोकं. पगार न्हाय तो, डोळ्याचं भाडं हाय."

टाळ्या मुलांनी वाजवल्या. कारखानदार एकमेकांच्या डोळ्यांकडं बघत बसले.

हे सगळं त्यांना सुचलं ते भीमामुळं. भीमा हा त्यांचा सर्वांत जुना कामगार, आणि त्याचं काम एकच होतं. गोदामाचं दार आत उघडायचं आणि दारामागं टॉवेलांचा एक भला मोठा गठ्ठा होता. रोज सकाळी भीमा फटीतून आत शिरायचा, गठ्ठा सरकवायचा, दार उघडायचा. संध्याकाळी गठ्ठा पुन्हा जागेवर ठेवून, फटीतून बाहेर येऊन, दार ओढून घ्यायचा. यासाठी त्यानं अंग बारीक ठेवलं होतं. पाटी लागण्याआधी एकदा जेऊरचा सचिन नावाचा मुलगा आमच्या कॉलेजातून त्यांच्याकडं गेला. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "आप्पा, हा गठ्ठा दुसरीकडं ठेवला तर?"

म्हणे सगळा कारखाना थांबला. भीमा मटकन त्या गठ्ठ्यावरच बसला. शेवटी आप्पांनी गठ्ठा उघडून बघितला, तर आत गुरुबाईकाकूंच्या वेळचे, कुठल्याशा लग्नाच्या आहेरासाठी विणलेले आणि मग लग्नच मोडल्यामुळं राहिलेले टॉवेल निघाले. इतकी वर्षं भीमानं एका मोडलेल्या लग्नाला रोज दोन वेळा हलवलं होतं. आप्पांनी सचिनला तिथल्या तिथं जिलेबी खिलवली. भीमाला काढलं नाही, फाटकावर राखणदार केलं. पण सवय सुटत नाही, अजूनही तो फाटकातून अंग आडवं करूनच आत येतो.

त्याच सचिननं पुढं विचारलं, "टॉवेल खुंटीला अडकवायला नाडी का नाही?" आप्पांनी कोपऱ्याला बोटभर नाडी शिवली आणि पुण्यातल्या वसतिगृहांची मागणी त्यांच्याकडं वळली. तेव्हापासून रोजचा नियमच झाला. दुपारी माग थांबले की सगळे गोल करून जेवायला बसायचे. कडक भाकरी, चटणी, दही. आणि नव्या पोरानं एक येडा प्रश्न विचारायचा. 'येडा प्रश्न' हा आप्पांचाच शब्द. शहाणा प्रश्न विचारला तर दही मिळायचं नाही. आणि एखाद्या दिवशी पोराला प्रश्नच सुचला नाही, की आप्पा भीमाला जिलेबी आणायला पाठवायचे.

"शिकला बाबा तू. कामातनं गेला. जा आता, दुसरीकडं कुटंतरी कामाला लाग."

माणूस कामाला नालायक असेपर्यंत ठेवायचा आणि लायक झाला की काढायचा. व्यवस्थापनाच्या एकाही पुस्तकात हे नाही, मी शोधलंय.

बरं, दुसऱ्यांचे डोळे भाड्यानं घेऊन त्यांचं भागत नव्हतं. स्वतःचेही नवे करायचा त्यांचा प्रयत्न चालू असे. दर सोमवारी सकाळी ते पुढच्या दारानं बाहेर पडून, सगळ्या गल्लीला वळसा घालून कारखान्याच्या फाटकाशी यायचे आणि भीमाला विचारायचे, "का हो, हितं कशाचा कारखाना हाय?"

भीमाला उत्तर पाठ होतं. "टॉवेलचा हाय. आपण कोण?"

"मी नवीन."

"या मग. जपून, दाराला गठ्ठा हाय," असं भीमा सवयीनं म्हणायचा, आणि आप्पा वाकून, अंग चोरून, नसलेल्या गठ्ठ्याला वळसा घालून आत जायचे.

एवढं सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण एकदा त्यांच्या या खुळानं सचिनचं नुकसान झालं. त्याला एका कंपनीत नोकरी लागायची होती आणि कंपनीनं चौकशीसाठी आप्पांना फोन केला. "मुलाला कामाचा अनुभव आहे का?" आप्पांना वाटलं, आपल्या लाडक्या पोराची तारीफ करायची हीच वेळ. ते ओरडून म्हणाले, "अजिबात न्हाय! एकदम कोरा हाय! असा कोरा पोरगा तुमाला सोलापुरात दुसरा गावायचा न्हाय!"

नोकरी अर्थातच गेली. सचिन पुढं जेऊरला मामाच्या दुकानात बसला आणि चांगला बसला, पण आप्पांना आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. "येवढं चांगलं सांगितलं, तरी घेतलं न्हाय. कंपनीच भुरटी असंल," म्हणाले.

आणि मग तबस्सुम आली.

तबस्सुम शेख, माझ्या वर्गातली. वडील रिक्षा चालवतात. वर्गात शेवटच्या बाकावर बसून माझ्या प्रत्येक वाक्याला मनातल्या मनात 'का?' म्हणणारा चेहरा. तिला आप्पांकडं पाठवताना मला वाटलं, प्रश्नांचं दुकानच पाठवतोय मी. आप्पा तिला पहिल्या दिवसापासून तबस्सुमव्वा म्हणायला लागले. त्यांच्या कानडी घरात लेकीला असंच हाक मारतात.

तिची ठरलेली मुदत संपली तरी कारखाना सुटला नाही. परीक्षा झाली, निकाल लागला, तरी ती तिथंच. मी मधूनमधून कारखान्यात डोकावायचो. तिला काय येत नव्हतं? आवाजावरून कुठल्या मागाचं सूत तुटलंय ते ती पाठमोरी उभी राहून सांगायची. बाहेरगावच्या व्यापाऱ्यांशी फोनवर अशी बोलायची की ते माल घेऊन वर आभार मानायचे. आणि दुपारी जेवायला बसलं की तोंड अगदी भोळं करून विचारायची, "आप्पा, हा धोटा म्हणजे काय असतो?"

धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन मागात इकडून तिकडं पळणारं लाकूड. ते ओळखू येत नाही असा मनुष्य त्या कारखान्यात दुसऱ्या दिवशी उरत नाही. कामगार छताकडं बघायला लागायचे. आप्पा मात्र भाकरी बाजूला ठेवून, हातवारे करून, धोटा म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावून सांगायचे. मग माझ्याकडं बघून मान हलवायचे.

"लई कच्ची हाय अजून, सर. वेळ लागंल."

"लागेल लागेल," मी म्हणायचो.

दोघं एकमेकांना फसवत होते, आणि आपण फसतोय हे दोघांनाही ठाऊक होतं. पण येडे प्रश्न तरी किती पुरणार? एका दुपारी तिला काही सुचेना. आप्पांनी घाईघाईनं दह्याचं भांडं पुढं केलं आणि विषय उन्हाळ्यावर नेला. तिला भीती वाटली असावी. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम चूक केली. एका मालाला नाडी एका कोपऱ्याला शिवायची, ती तिनं चारी कोपऱ्यांना शिवायला लावली. आता आप्पा म्हणतील, पोरगी अजून शिकायची आहे.

तो माल कुठं खपवायचा म्हणून आप्पांनी मैंदर्गीच्या बाजारात पाठवला. भाजीवाल्या बायकांनी चार काठ्या रोवल्या, चार नाड्या अडकवल्या आणि भाजीच्या पाटीवर सावली केली. दुपारपर्यंत सगळा माल उडाला. एक बाई म्हणे दोन घेऊन गेली, एक कोथिंबिरीला आणि एक नवऱ्याला.

"बघा!" आप्पा आमच्या गॅलरीखाली येऊन मला ओरडून सांगत होते. आनंदानं त्यांची विभूती घामात वाहत होती. "शिकलेल्या माणसाला जमली असती का ही चूक? अजून लई कच्ची हाय पोरगी!"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तबस्सुम संध्याकाळी माझ्या घरी आली. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं तिची मुलाखत घेतली होती. घरगुती कापडाचा व्यवसाय, चांगला हुद्दा, राहायची सोय. तिच्या अब्बांनी गल्लीत सांगूनही टाकलं होतं. फक्त एक अट होती. उद्या दुपारी ते तिच्या मालकांना फोन करून अनुभवाची खात्री करून घेणार होते.

"सर, तुम्ही सांगा ना आप्पांना," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "ते सचिनसारखं माझंपण करतील. आणि सर..." तिनं डोळे पुसले. "अनुभव आहे असं म्हणाले तर मला तिथं परत बसता येणार नाही. नाही म्हणाले तर नोकरी जाईल. मलाच कळेना मला काय पायजे."

मी तसाच उठून आप्पांकडं गेलो. ते ओसरीवर एकटेच बसले होते. सगळं सांगितलं.

"म्हंजे अनुभव हाय म्हणायचं?"

"हो."

"आपल्या तोंडानं? आपल्याच पोरीला?"

"आप्पा, बाहेरच्या जगात ती चांगली गोष्ट असते."

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, लेबल वाचलं, पुन्हा ठेवला. "उद्याचं उद्या बघू," म्हणाले आणि दिवा न लावता आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला दांडी मारून जेवायच्या वेळी कारखान्यात हजर झालो. माग थांबले होते. गोल करून सगळे बसले होते, पण भाकरी मोडायचा आवाज येत नव्हता. फोन आला तेव्हा आप्पांनी तो मधोमध दह्याच्या भांड्याला टेकवून ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा. पलीकडं एक तरुण, घाईत असलेला आवाज होता.

"सर, तबस्सुम शेख तुमच्याकडं होत्या ना? त्यांना कामाचा अनुभव आहे का?"

आप्पांनी खांद्यावरच्या टॉवेलाचं लेबल चाचपलं. तबस्सुम मान खाली घालून भाकरीचा तुकडा चुरत होती. भीमा फाटक सोडून आडवा होऊन आत आला होता.

"हॅलो? सर? अनुभव आहे का त्यांना?"

"हाय," आप्पा म्हणाले.

इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"काय म्हणालात?"

"अनुभव हाय म्हणलो. लई हाय. सूत तुटायच्या आधी तिला कळतंय. व्यापाऱ्याला न्हाय म्हणता येतंय. मालकाला गप बसीवता येतंय. धोटा म्हंजे काय त्ये तिला पहिल्या दिवशीच कळलंतं, मला म्हाईत हाय. हितं ठेवण्यासारखी राहिली न्हाय ती आता."

"म्हणजे... तुमची काही तक्रार आहे का त्यांच्याबद्दल?"

"हाय की. माझी हाय. तुमाला नसंल."

पलीकडच्या पोराला काय समजलं कुणास ठाऊक, पण त्यानं 'थँक यू' म्हणून फोन ठेवला. आप्पांनी पायजम्याच्या खिशातून पैसे काढून भीमाच्या हातात ठेवले. जिलेबी आणायला काही बोलावं लागलं नाही. तबस्सुम रडत होती आणि हसतही होती. मी आपला दही वाढायला लागलो, कारण माझ्याच्यानं दुसरं काही होईना.

जिलेबी आली तेव्हा आप्पांनी डोळे पुसले. कोऱ्या टॉवेलानं. पहिल्या धुण्याआधी टॉवेल पाणी नीट टिपत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? ते नुसतेच पुसत राहिले.

"चल, तबस्सुमव्वा," म्हणाले. "जाता जाता एक येडा प्रश्न. शेवटचा."

तिनं थोडा विचार केला.

"आप्पा, रविवारी कारखाना बंद असतो. मग रविवारी तुम्ही कुणासंगं जेवता?"

आप्पांनी तिच्याकडं बघितलं, मग दह्याच्या भांड्याकडं.

"ह्यो प्रश्न येडा न्हाय," ते म्हणाले. "चालणार न्हाय."

तरीपण तिला त्यांनी दही वाढलं.

तबस्सुम पुण्याला गेली. पोचल्याचा फोन तिनं आधी आप्पांना केला, मग घरी. तिचे अब्बा मला हे तक्रारीच्या सुरात सांगत होते, पण गालात हसत.

रविवारी आमच्या फळीवरचे कप नाचत नाहीत. इतकी वर्षं ती शांतता मला फार आवडायची. त्या रविवारी मंगल, माझी बायको, पोळ्या लाटत होती आणि मी तिला तबस्सुमचा प्रश्न सांगितला. तिचं लाटणं थांबलं. "अगं बाई," ती म्हणाली, "भिंतीला भिंत लागून आहे आपली. गुरुबाई गेल्यापासून रविवारचं एकदासुद्धा फोडणीचं ऐकलं नाही मी तिकडून." आणि ती माझ्याकडं असं बघायला लागली की मी चपला घातल्या.

आप्पा ओसरीवर बसले होते. समोर पाण्याचा तांब्या, खांद्यावर टॉवेल. मी पायरीशी उभा राहिलो.

"का हो," मी विचारलं, "तुम्हाला आमच्या घरी जेवायचा अनुभव आहे का?"

त्यांनी मान वर केली. बराच वेळ माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, चिडतात आता.

"न्हाय की," ते म्हणाले.

"मग चालेल. या."

ते उठले. टॉवेल झटकून खांद्यावर नीट घेतला, लेबल बाहेर काढलं, आणि माझ्यामागून आले. आमच्या दाराशी आल्यावर थबकले, थोडं वाकले, अंग चोरलं, आणि कसलासा गठ्ठा चुकवावा तसे आडवे होऊन आत आले.